गोव्यात व्हाइट रम घेताय? आधी डायकिरी करून बघा, मग बोला

व्हाइट रमचा विषय निघाला की आमच्याकडे एक ठरलेलं उत्तर येतं, मोहितोतच जाणार आहे ना, मग कुठलीही घे. दुकानात काउंटरवर विचारलं तरी तेच, “भाऊ, लिंबू-पुदिना पडला की सगळ्या सारख्याच”. मला हे अजिबात पटत नाही. गोव्यात आता इथेच बनलेल्या दोन चांगल्या व्हाइट रम मिळतात, शिवाय बकार्डी आहेच, आणि तिन्ही एका टेबलावर ठेवून नीट चाखल्या की फरक इतका स्वच्छ कळतो की परत कुणी ‘सगळ्या सारख्याच’ म्हणणार नाही. फक्त चाखायची पद्धत बरोबर पाहिजे.

मोहितोत काय होतं, की पुदिना, लिंबू, साखर, सोडा आणि ग्लासभर बर्फ, यात 45 मिली रम कुठे बसलीय तेच कळत नाही. शिळी मासळी जाळ हुमणात (मासळीच्या आमटीत) खपून जाते पण रवा लावून तव्यावर टाकली की लगेच उघडी पडते, तसंच हे. रमचा तवा म्हणजे डायकिरी. रम, लिंबाचा रस, साखर, बस, चौथी वस्तूच नाही. सोडा नाही, पुदिना नाही, लपायला जागाच नाही. म्हणून माझं म्हणणं असं की कॉकटेलसाठी व्हाइट रम जोखायची तर नुसती, काही न मिसळता पिऊन पण नाही आणि मोहितोत पण नाही, डायकिरीत जोखायची, आणि तिथे पास झाली की बाकी कशातही घाला.

नुसती का नाही, तर व्हाइट रम मुळात त्यासाठी बनवलेलीच नाही हो. 1862 साली क्युबातल्या सांतियागो शहरात डॉन फाकुंदो बकार्डी यांनी डिस्टिलरी घेतली तेव्हा रम म्हणजे जळजळीत, उग्र, खलाशांनी प्यायची गोष्ट होती, त्यांनी ती कोळशातून गाळून हलकी केली, आणि अशा हलक्या रममुळे लिंबू-साखरेची कॉकटेलं जमायला लागली. बऱ्याच व्हाइट रम पिंपात थोडा काळ मुरवतात आणि मग कोळशातून गाळून रंग काढून टाकतात, म्हणजे पाण्यासारखी दिसते म्हणून ती अगदी कोरी असतेच असं नाही. आणि डायकिरी सुद्धा त्याच सांतियागोच्या बाजूची, तिथल्या डायकिरी नावाच्या खाणीच्या भागात जेनिंग्ज कॉक्स नावाच्या अमेरिकन इंजिनियरने 1898 च्या आसपास केली असं सांगतात. म्हणजे ही रम आणि हे ड्रिंक एकाच गावच्या पाण्यावर वाढलेत, चाचणी त्यातच घ्यायला हवी.

आता बाटल्या. पहिली बकार्डी कार्टा ब्लांका, ती मापाला ठेवली, कारण सगळ्यांनी कधी ना कधी प्यायलेली असते आणि कुठल्याही बारमध्ये असते. दुसरी सेग्रेदो आल्देया व्हाइट, फुलार्टन डिस्टिलरीजची, इथलीच, यांचीच कॅफे रम पण आहे पण ती कॉफीची, तिचा इथे संबंध नाही. तिसरी माका जाय, कस्तुरी बॅनर्जी यांच्या कंपनीची, 2021 मध्ये गोव्यात आली, दोन प्रकारात मिळते, गोल्ड वाली ट्रिब्यूट एडिशन आणि व्हाइट वाली बार्टेंडर्स एडिशन. मी अर्थातच व्हाइट घेतली. आणि चौथी एक स्वस्तातली बाटली मुद्दाम ठेवली होती, तिचं नाव घेत नाही, नुसती तुलनेसाठी.

लेबलवर अल्कोहोल 42.8 टक्के असं बघितलं का कधी? आपल्याकडे रम, व्हिस्की, अगदी बाटलीबंद काजू फेणी सुद्धा बहुतेक याच आकड्यावर असते. जुन्या ब्रिटिश मोजणीत 75 डिग्री प्रूफ म्हणायचे ते हेच. बाहेर बकार्डी अमेरिकेत 40 ला आणि इंग्लंडात 37.5 ला मिळते, त्यामुळे इंटरनेटवरची रेसिपी जशीच्या तशी केली की आपलं ड्रिंक थोडं कडक लागतं. पण मला हे फायद्याचंच वाटतं, गोव्याच्या उकाड्यात बर्फ धडाधड विरघळतो, 37.5 वाली रम दहा मिनिटात पाणी होईल, आपली तेवढा वेळ तग धरते.

चाखायची तयारी साधी. छोटे, तोंडाशी निमुळते ग्लास घ्या, व्हिस्कीचे रुंद ग्लास नकोत त्यात वास उडून जातो. ग्लासच्या बुडाला चिकटपट्टी लावून आकडा घाला, ओतणारा वेगळा आणि चाखणारा वेगळा ठेवा, आणि ओतून झालं की ग्लासवर स्टीलची वाटी उपडी घालून पाच मिनिटं तसंच राहू द्या. आमच्या घरी ओतायचं काम माझं आणि वास घ्यायचं बायकोचं, तिचं नाक माझ्यापेक्षा कितीतरी तिखट आहे, मासळी बाजारात लांबूनच सांगते आजचा बांगडा घ्यायचा की नाही. तिला कुठली बाटली कुठल्या ग्लासात ते माहीत नव्हतं. फोंड्याहून मित्र आला होता, त्याच्या कुळागरातली (बागायतीतली) लिंबं घेऊन, तो पण बसला.

आधी नुसता वास, मग तेवढंच पाणी घालून परत वास. हे पाणी घालणं लोक टाळतात पण खरी गंमत तिथेच आहे, रमइतकंच पाणी घातलं की ताकद 21 टक्क्यांवर येते, आणि डिस्टिलरीत ब्लेंडर लोक साधारण 20 टक्क्यांच्या आसपास आणूनच वास घेतात, कारण अल्कोहोलचा झटका बसला की नाक बधिर होतं आणि मागचं काहीच कळत नाही. पाणी बाटलीतलं घ्या, नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असतो तो थेट ग्लासात येतो.

चौथी, स्वस्तातली, इथेच गेली. बायकोने वाटी उचलली आणि म्हणाली, “हे नेलपॉलिश कुणी ओतलंय?” अगदी तोच वास, इथाइल ॲसिटेटचा, डिस्टिलेशन करताना सुरवातीचा भाग नीट वेगळा काढला नाही की तो राहतो. पाणी घातल्यावर कमी व्हायच्या ऐवजी अजूनच वर आला, आणि त्याच्या मागे काहीच नाही, ना उसाचा मागमूस ना फळाचा, नुसती मळीची स्पिरिट. आपल्याकडे स्वस्त रमचा मोठा भाग ईएनए म्हणजे एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोलचा असतो, मळीपासून केलेलं पण चव काढून टाकलेलं, मग रम म्हणून वेगळं लागणार तरी काय. मळी आपल्या लोकांना नवीन नाही, सांगली-कोल्हापूरकडच्या कारखान्याजवळून बस गेली तरी कळतं, इकडे धारबांदोड्याला संजीवनी साखर कारखाना चालू होता तेव्हा तिथे पण यायचा तो वास. चांगल्या रममध्ये त्या वासाची एक गोड, मऊ सावली शिल्लक राहते आणि मी तीच शोधत असतो.

बकार्डी पाणी घातल्यावर अगदी सभ्य. हलकी, कोरडी, थोडासा बदामासारखा वास, थोडी व्हॅनिला, आणि मग गायब. यात मी दोष मानत नाही, तिला तसंच बनवलंय. सेग्रेदो आल्देया मला त्यापेक्षा गोडसर आणि गोल वाटली, जिभेवर थोडी जाड, व्हॅनिला जास्त. माका जाय मध्ये पिकलेल्या फळाचा वास आला, आमचा फोंड्याचा मित्र लगेच म्हणाला “केळं”, आणि बरोबर होतं त्याचं, पिकलेल्या केळ्याचा वास देणारं एस्टर नावाचं रसायन रममध्ये आंबवतानाच तयार होतं, आणि ते डिस्टिल करताना किती राखायचं हे बनवणाऱ्याच्या हातात असतं. इथे राखलंय असं दिसतं. शेवटाला थोडी मिरीसारखी चुरचुर.

आता डायकिरी. माप असं, रम 60 मिली, लिंबाचा रस 22 ते 25, साखरेचा पाक 20. पाक म्हणजे साखर आणि पाणी सारखं घेऊन बाटलीत हलवायचं, गरम करायची पण गरज नाही, दहा मिनिटं मधून मधून हलवत राहा विरघळते. साखर थेट शेकरमध्ये टाकू नका, आपली साखर मोठ्या दाण्याची, गार रसात विरघळतच नाही, तळाला कचकच राहते आणि ड्रिंक आंबटढाण लागतं, मग लोक रमला नावं ठेवतात.

लिंबाबद्दल मात्र आपण नशीबवान आहोत आणि याचं कुणाला कौतुकच नाही. परदेशात बारमध्ये वापरतात ते मोठं, बिया नसलेलं, जाड सालीचं लिंबू असतं, आपलं कागदी लिंबू म्हणजे तिकडे ज्याला की लाइम म्हणतात तेच, छोटं, बियांचं, जास्त आंबट आणि सालीला वास जबरदस्त. म्हणूनच 25 च्या वर रस नको. आणि पिळताना जीव काढू नका, सालीच्या आतला पांढरा भाग दाबला गेला की कडू उतरतं. कुळागरातली ताजी लिंबं होती तर कापल्या कापल्या सगळ्या खोलीत वास. बाटलीतला लिंबाचा रस वापरणार असाल तर ही सगळी तुलना करूच नका, काही कळणार नाही.

बर्फ पण तितकाच महत्त्वाचा. गोव्यातल्या घरातल्या फ्रीजरमध्ये मासळी असतेच, आणि उघड्या ट्रेमधला बर्फ तो वास पिऊन घेतो, मग तुम्ही कितीही महागडी रम आणा, डायकिरीत बांगडा येणार. झाकणाचा ट्रे घ्या, नाहीतर पाकिटातला खाण्याचा बर्फ आणा. मासळीवर टाकायचा लादीचा बर्फ फोडून वापरणारे पण बघितलेत मी, तसलं काही करू नका. शेकर अर्ध्याच्या वर बर्फाने भरा, बारा-पंधरा सेकंद जोरात हलवा, स्टीलवर बाहेरून दव धरलं आणि हाताला चटका बसायला लागला की झालं, गाळून थंड ग्लासात. त्यात वर बर्फ नको.

पहिला घोट लगेच, दुसरा पाच मिनिटांनी, तिसरा कोमट व्हायला लागल्यावर. कॉकटेल गार असताना काहीही चांगलं लागतं, थंडी चव दाबून टाकते, खरा निकाल तिसऱ्या घोटाला.

बकार्डीची डायकिरी पहिल्या घोटाला एकदम मस्त, कुरकुरीत, लिंबू पुढे. पाच मिनिटांनी पण बरी. तिसऱ्या घोटाला मात्र मागे फक्त लिंबू सरबत आणि थोडं अल्कोहोल राहतं, रम निघून गेलेली असते. सेग्रेदो आल्देयाची डायकिरी 20 मिली पाकाने जरा गोड झाली, रम स्वतःच गोडीकडे झुकते ना, दुसऱ्या खेपेला पाक 15 वर आणला तेव्हा तोल आला आणि मग छानच लागली, मऊ, पटकन संपणारी. माका जायची डायकिरी वेगळ्याच लेव्हलची. लिंबाच्या आंबटपणाच्या मागून ते पिकलेलं फळ वर येतं, आणि कोमट व्हायला लागली तशी जास्तच कळायला लागली, कमी नाही. शेवटची मिरीची चुरचुर साखरेला कापते त्यामुळे दुसरा घोट घ्यावासा वाटतो. बायकोने न बघता तिलाच पहिला नंबर दिला, मी ओतणारा म्हणून मला माहीत होतं कुठली कुठे आहे, पण तिला नव्हतं, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

चौथीची डायकिरी केली, नेलपॉलिश लिंबात पण लपलं नाही. तीच रम मोहितोत घातली तर मित्राला ओळखता आली नाही. हेच मी सुरवातीला म्हणत होतो.

मग मोहितोसाठी काय? तिथे मी सरळ सांगतो, बकार्डी घ्या. माका जाय महाग पडते आणि पुदिना-सोड्यात तिचं ते फळ हरवतं, पैसे खर्च केल्याचं सुख मिळत नाही. पार्टीला वीस माणसं आहेत, जग भरून मोहितो करायचाय, तर बकार्डी उत्तम, कुणाला नावडत नाही. पुदिन्याचं एवढं बघा की इकडे बेळगावहून येणारी भाजी दुपारपर्यंत मान टाकते, सकाळी घ्या, पाण्यात देठ बुडवून ठेवा, आणि ग्लासात खलबत्त्यासारखा कुटू नका, तळहातावर एक टाळी मारून घातला तरी पुरतो. कुटला की गवतासारखा कडवट.

सेग्रेदो आल्देया खरी चमकली ती नारळात. पिन्या कोलाडा हे पोर्तो रिकोचं ड्रिंक, 1978 पासून तर तिकडचं राष्ट्रीय पेय आहे, पण अननस आणि नारळ म्हटल्यावर ते आपलंच वाटतं की नाही सांगा. डब्यातलं कोकोनट क्रीम न घेता ताज्या नारळाचं पहिलं दाट दूध काढा, अननसाचे तुकडे, 60 मिली रम, चमचाभर साखर, भरपूर बर्फ, मिक्सरला फिरवा आणि लगेच प्या, ठेवलं की पाणी वेगळं होतं. त्या दुधाच्या स्निग्धपणात बकार्डी दिसतच नाही, माका जाय अननसाशी भांडते, आणि सेग्रेदोची व्हॅनिला नारळात अशी मिसळते की तिघांनीही ग्लास लगेच पुढे केले.

कोकमाबरोबर पण करून बघितलं, ते सगळ्यात जास्त आवडलं खरं म्हणजे. अमृत कोकम 20 मिली, रम 60, लिंबू अगदी 10, चिमूटभर मीठ, सोडा, उंच ग्लासात. आगळ वापरणार असाल तर ते आधीच खारट असतं, मीठ घालू नका आणि साखरेचा पाक घाला. इथे माका जाय हवी, कोकमाचा तुरटपणा जोरकस असतो त्याला अंगात दम असलेलीच रम पुरी पडते. माडाचा गूळ वितळवून त्याचा पाक पण घालून बघितला, चव सुंदर, थोडी धुरकट, पण व्हाइट रम त्याखाली पार दबून जाते, तो गोल्ड रमसाठी राखून ठेवा.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. कॅरिबियनमधल्या मार्तिनिक या फ्रेंच बेटावर ताज्या उसाच्या रसापासून आग्रिकोल रम करतात, तिला 1996 पासून फ्रेंच सरकारचा एओसी (मूळ प्रदेशाची खात्री देणारा) दर्जा पण आहे, तिला गुऱ्हाळात उभं राहिल्यासारखा हिरवा, गवताळ वास येतो. ज्यांना तसलं काही अपेक्षित आहे त्यांना यातली एकही बाटली तसं देणार नाही, या वेगळ्या घराण्याच्या आहेत. आणि फेणी आणि उर्राक (काजूच्या रसाची पहिल्या धारेची हलकी दारू) यांवर वाढलेल्या आमच्या मंडळींना तर व्हाइट रम पहिल्यांदा मिळमिळीतच वाटते, एप्रिलमध्ये लिमका, लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून उर्राक प्यायलेल्या जिभेला दुसरं काय वाटणार. त्यांना डायकिरी देताना लिंबू 25 ठेवा, पाक 15 करा आणि माका जायनेच करा.

म्हणजे घरी एकच बाटली ठेवायची आणि नीट कॉकटेलं करायची असतील तर माझं मत माका जायला, थोडे पैसे जास्त गेले तरी. घरात नारळ आणि अननस जास्त चालत असेल तर सेग्रेदो आल्देया. वर्षातून दोनदा गर्दीसाठी लागत असेल तर बकार्डीच बरी, उगाच खर्च करू नका. आणि नेलपॉलिशवाली कितीही स्वस्त मिळाली तरी नको, दुसऱ्या दिवशी डोकं सांगतंच.

सावंतवाडी, कोल्हापूर, पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी, इकडे एक्साइज कमी म्हणून बाटली स्वस्त दिसते हे खरं, पण गोव्याची दारू बिनापरवाना महाराष्ट्रात नेली की केस होते, बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या उघडून बघतात. त्यापेक्षा इथेच लिंबं घ्या, बर्फ घ्या, आणि मुक्कामाच्या जागी शेकर नसेल तर घट्ट झाकणाची लोणच्याची रिकामी बरणी चालते, फक्त स्वच्छ घासून घ्या, लोणच्याचा वास रमपेक्षा चिवट असतो.